दोनदा घेतलेली आंबील

रविवार, २४ ऑगस्ट २०२५

नागपूरच्या शिबिरात मोठ्या पास्टरांनी आम्हा सगळ्यांना वह्या दिल्या आणि म्हणाले, पाळकाने रोज आपल्या मनातलं लिहावं. रोज नाही जमणार. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं जे वाचायला आलं ते पवित्र शास्त्र वाचून आलं, म्हणून लिहायला बसले की पुस्तकी लिहिते आणि तोंड उघडलं की आपलं वऱ्हाडी. असू दे. वाचणार कोण आहे.

सिंदी मेघेतलं आमचं प्रार्थनाघर म्हणजे घराला लागून टिनाचं शेड. पंखे दोन, त्यातला एक फिरतो. आधीचे पास्टर बदलून गेले आणि दुसरं कोणी यायला तयार झालं नाही, तेव्हापासून मीच सांभाळते. नाव पंचफुला, पण लोक पास्टरबाई म्हणतात. आमचे हे, ओमप्रकाश, ऑटो चालवतात. सभेत आत बसत नाहीत, बाहेर ऑटोत बसून ऐकतात. म्हणतात, आत फार आवाज येतो.

आज सभा उठल्यावर मयुरीने विचारलं. ही पोट्टी दोन वर्षांपासून येते. नवरा निकेश कंपनीत पाळीवर, घरी सासू नाही. पहिलटकरीण, सातवा लागला आहे. माहेर केळझरला.

"पास्टरबाई, पुढच्या सोमवारी आईकडं महालक्ष्म्यांचं जेवण हाय. आई म्हणते ये. जाऊ?"

"जाय ना. आईच हाय तुही."

"अन् जेवू?"

बाया चपला शोधत होत्या त्या थांबल्या. आता मी काय म्हणते ते सगळ्यांना पाहिजे होतं. घरोघरी तोच प्रश्न असणार.

"मूर्तीपुढं ठेवलेलं आपण खात नाई. कितीदा सांगू? जाय, आईले भेट, भाज्या चिरू लाग, पण पानावर बसू नको."

"आईले गंज वाईट वाटंल."

"वाटू दे. माह्या आईलेही वाटलंच होतं. मेली का मी?"

ती हो म्हणाली. मला असं चटकन सांगता येतं. घोळ घालत बसणारे पाळक मला आवडत नाहीत. माणूस विचारतो तेव्हा त्याला उत्तर पाहिजे असतं, प्रवचन नको असतं.

गुरुवार, २८ ऑगस्ट

भावाचा फोन आला. महादेवराव, हिंगणीवरून. मी प्रभूकडे आले तेव्हापासून त्या घरचा फोन म्हणजे कोणी मेलं तरच. म्हणून पहिलं हेच विचारलं, कोण गेलं?

"कोणी नाई गेलं. तुही वैनी पडली गोठ्यात. हात पलस्तरमध्ये हाय. सोमवारी महालक्ष्म्या, अन् सूनबाईले आंबील जमत नाई. गोळे करते. तू येतं का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"जेवजो नको. मले माहीत हाय तुमचं. फक्त करून दे."

पाहून सांगते म्हटलं. आंबील आईची होती. ज्वारीचं पीठ ताकात किती वेळ ठेवायचं आणि कोणत्या वेळी ढवळणं थांबवायचं, ते तिने मलाच दाखवलं होतं. ती गेली त्या वर्षी मी तेरवीलाही जेवले नव्हते. ते बरोबरच होतं.

हे म्हणाले, "जा की. मी सोडतो. भाडं नाई घेणार, साली समजून सोडून देतो."

"मी तुमची साली नाई, बायको हाय."

"मंग तर डबल भाडं."

रविवार, ३१ ऑगस्ट

जाऊ की नको, प्रभूला विचारलं. उत्तर आलं नाही. म्हणजे हरकत नाही असं मी धरलं. भावासमोर साक्ष देण्याची संधी आहे. स्वयंपाक करणं म्हणजे खाणं नाही.

सोमवार, १ सप्टेंबर

लिहावं की नाही कळत नाही. पण वही त्यासाठीच दिली म्हणतात.

घरात पाय ठेवला आणि भिजल्या पिठाचा आंबूस वास आला. वैनी, देवकाबाई, गळ्यात हात बांधून स्टुलावर बसली होती आणि सगळ्यांवर हुकूम सोडत होती. मला पाहून म्हणाली, "या नणंदबाई. चूल ओळखते का तुम्हाले?"

"चूल कुठं राह्यली? गॅस हाय."

"मंग गॅसले विचारून घ्या."

हसली. मीही हसले. पदर खोचला आणि कामाला लागले. सोळा भाज्या, पुरण, कढी, वडे. आंबील मी कोणाला हात लावू दिली नाही. सूनबाई मागे उभी राहून पाहत होती. तिला म्हटलं, पाहून नाई येत, हात घाल. तिने घातला. चांगली पोरगी आहे, नुसती घाबरते.

पंगत बसली. मी आत ओट्यापाशी उभी. भाऊ आला. मी तयारच होते. तो म्हणेल बस ना गं एवढं, आणि मी म्हणेन नाही, मग माझ्या प्रभूबद्दल दोन शब्द सांगेन. वाक्यं जुळवून ठेवली होती.

तो म्हणाला, "तुह्यासाठी चहा ठेवू का? बिस्किट आणून ठेवले हायत दुकानातून. ते तर चालते ना?"

बस, एवढंच. आग्रह केलाच नाही. बिस्किटाचा पुडा वरच्या फळीवर वेगळा ठेवला होता, जेवणाचा हात लागू नये म्हणून. त्याने मला दाखवला.

मी म्हटलं, "भाऊ, वाढ मले."

त्याने पुडा तसाच फळीवर ठेवला. पान आणलं. मी बायांच्या पंगतीत शेवटी बसले. पुरणपोळी खाल्ली, भाजी खाल्ली. आंबील घेतली. मग आणखी घेतली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, शुगर उतरली असावी, डोळ्यांपुढे अंधारी आल्यासारखं झालं होतं. मूर्तींना हात जोडले नाहीत. हात लावलाही नाही. एवढं तरी.

निघताना वैनी म्हणाली, "बांधून देता येत नाई, नणंदबाई. महालक्ष्मीचं आमच्यात घराबाहेर जात नाई." मला ठाऊक होतं. मी काही मागितलं नव्हतं.

परत येताना सेलूच्या स्टँडवर हे म्हणाले, "ते पाय, ती तुमची मयुरी तर नाई?" तीच होती. एकटी, पोटावर हात ठेवून उन्हात उभी. केळझरवरून आलेल्या गाडीत बसायला जागा मिळाली नाही आणि उभं राहवेना म्हणून उतरली होती. ऑटोत घेतलं. ओठ सुकलेले.

"काय झालं गं?"

"नाई जेवली मी, पास्टरबाई." असं म्हणाली जसं पोरगं पहिला नंबर आला म्हणून सांगतं. "आईनं पान वाढलं सगळ्यांसमोर. मी बसली नाई. आत्या, काकू सगळ्या पाहून राह्यल्या होत्या. आई म्हणली, बस. मी म्हणली, नाई. आई म्हणली, मंग ऊठ अन् जाय, माह्या पानाले लाथ मारणारी मले पोट्टी नाई पाह्यजे. बाळंतपणाले भी येऊ नको."

मी म्हटलं, "शाब्बास." आणि मला ढेकर आला. आंबिलीचा. मी तोंडावर पदर धरला.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुमच्या साडीले फोडणीचा वास येऊन राह्यला."

"भावाकडं गेलती. वैनीचा हात मोडला. स्वयंपाक करून दिला."

"महालक्ष्म्यांचा? अन् तुम्ही?"

"मी कायले जेवू?"

हे समोर आरशात पाहत होते. एकदाच पाहिलं आणि नजर काढून घेतली. मयुरीने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि झोपली. यांनी एका गाड्यापाशी ऑटो थांबवला आणि केळी आणून दिली. माझ्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं.

बुधवार, ३ सप्टेंबर

दवाखान्यात जाऊन शुगर तपासली. सिस्टर म्हणाली, बाई, तुमची कमी कुठून होईल, वाढलेलीच आहे.

रविवार, ७ सप्टेंबर

महिन्याचा पहिला रविवार. प्रभुभोजन. प्रभूच्या नावाने भाकर मोडून वाटायची; आमच्यात त्याआधी साक्षी होतात. ज्याचं काही चांगलं झालं तो उभा राहून सांगतो, लोक टाळ्या वाजवतात. कोणाची म्हैस सापडली, कोणाचं पोरगं परीक्षेत पास झालं. एक बाई तर इतका वेळ साक्ष देते की तिच्या घरी वरण लागतं, आणि पुढल्या रविवारी त्याची साक्ष.

आज मयुरी उभी राहिली. आईच्या घरी काय झालं ते सांगितलं. रडली नाही. वर म्हणाली, "मले वाटलं मी एकटीच हाय. पण आपल्या पास्टरबाईभी त्याच दिवशी भावाकडं गेलत्या. रांधून दिलं सगळं अन् पाणीसुद्धा घेतलं नाई. मंग मले बळ आलं."

पाण्याचं तिने मनानेच जोडलं. साक्षीत असं होतं. टाळ्या वाजल्या. म्हातारे लोक माझ्याकडे पाहून हालेलूया म्हणाले. मी आमेन म्हटलं. माझ्याच तोंडाने.

मग भाकर मोडायची होती. तिथे आधी म्हणावं लागतं की ज्याने त्याने आपलं मन तपासून खावं. मी ते वाक्य आज इतकं भरभर म्हटलं की कोणाला कळलं नसेल. सगळ्यांना दिलं. माझा तुकडा तोंडापर्यंत नेला आणि मुठीत ठेवला, मग पदराच्या गाठीत बांधला. घरी आल्यावर काय करावं समजेना. टाकता येत नाही. खाता येत नाही. फळीवर वाटीखाली झाकून ठेवला आहे. हिंगणीला ज्या दिवशी हात आवरायला पाहिजे होता त्या दिवशी दोनदा खाल्लं, आणि जे खायला पाहिजे होतं ते राहिलं.

गुरुवार, ११ सप्टेंबर

मयुरीकडे गेले. अनंत चतुर्दशी झाली की आई न्यायला येणार होती, असं ठरलं होतं. आली नाही. फोन उचलत नाही. पोट्टी हंडा उचलून राहिली होती. मी ओरडले. म्हणते, मग कोण उचलेल? निकेशची रात्रपाळी, तो दिवसा झोपतो.

"बाळंतपण मी करीन तुहं," मी म्हटलं.

"मले माहीत हाय. तुम्हीच माह्या आई हाय आता."

असं बोलली की मला बसवेना. गॅसवर काही नाही तरी दूध उतू जाईल म्हणून उठले.

रविवार, १४ सप्टेंबर

खोट्यावर बोलायचं ठरवलं होतं. उभी राहिल्यावर मेंढरांवर बोलले. मेंढरांवर कितीही बोलता येतं.

घरी आल्यावर हे म्हणाले, "आज बकऱ्या गंज चारल्या तू."

"मेंढरं होती."

"मले बाहेरून बकऱ्याच वाटल्या." मग जेवता जेवता म्हणाले, "फुला, सांगून टाक त्या पोट्टीले."

"सभा मोडंल."

"मोडू दे. पंखा भी तर मोडलाच हाय. बसतेच ना लोक?"

"तुम्हाले काय जाते सांगाले? लोक मले पाहून चालतात. त्यांचा विश्वास जाईल."

"कोणावरचा?"

मी ताट उचलून नेलं. असे उलटे प्रश्न मला चालत नाहीत. पण मयुरीला सांगायच्या आधी तिच्या आईला भेटावं. चूक माझी, पोरीची नाही, एवढं सांगितलं की बाई येईल घ्यायला. मग बाकीचं सांगायची गरज पडणार नाही.

बुधवार, १७ सप्टेंबर

केळझरला गेले. हे गणपतीच्या देवळापाशी ऑटो लावून थांबले, मी चालत गेले. मयुरीची आई, सुलोचनाबाई, अंगणात मुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी कोण ते सांगितलं.

"ओळखलं," म्हणाली. आत गेली, गडू भरून आणला. "पाणी तर चालते ना तुमच्यात? का तेही बाटलंय आमच्या घरचं?"

प्याले. तिने बस म्हटलं नाही. मीच ओट्यावर बसले.

"बाई, तिची चूक नाई. मी सांगतलं होतं तिले जेवू नको म्हणून."

"माहीत हाय. इतकी अक्कल तिच्यात नाई. लहानपणी हिले झोपेतून उठवून पुरणपोळी चारली तरी खाऊन झोपायची."

"तिले घेऊन जा. आठवा लागून राह्यला. घरी कोणी नाई."

"तुम्ही हाय ना. आई हाय म्हणते ती तुम्हाले. फोनवर सांगतलं तिनं माह्या भाचीले." शेंगा फोडण्याचा वेग तोच. "मी पान वाढलं, बाई. पाटावर रांगोळी काढली. पोटुशी पोरगी म्हणून पहिलं पान तिचं. बाया पाहून राह्यल्या अन् ती हात मागं बांधून उभी. तुम्हाले कोणी असं केलं का कधी?"

मला माझी आई आठवली. ते मी बाजूला केलं. आणि माहीत नाही कसं, जे सांगायचं नाही ठरवलं होतं तेच तोंडातून गेलं.

"मी जेवली," म्हटलं. "त्याच दिवशी. हिंगणीले, भावाकडं. महालक्ष्म्यांचंच."

शेंगा फोडणारे हात थांबले.

"पोटभर?"

"आंबील दोनदा घेतली."

सुलोचनाबाई माझ्याकडे पाहत राहिली. ओरडेल म्हणून मी वाट पाहिली. ओरडली असती तर बरं होतं, मलाही ओरडता येतं.

"माही पोट्टी उपाशी गेली," ती म्हणाली. "तिच्या पोटातलं उपाशी गेलं. तुमच्या एका शब्दावर. अन् तुम्ही दोनदा."

"चुकलं."

"हे तिले सांगतलं?"

"नाई."

"मंग माह्याकडं काऊन आल्या?" उत्तराची वाट न पाहता बोलली. "इथं सोपं हाय म्हणून. मी तुमच्यातली नाई. मी काय समजलं, काय नाई, तुम्हाले काई फरक पडत नाई."

मी म्हटलं, तसं नाही. पण तसंच होतं.

"रविवारी असते ना तुमचं? मी येईन. तिले सांगजा, माह्यासमोर. मंग नेईन मी तिले. तुम्ही नाई सांगतलं तर मीच सांगीन, अन् मले तुमच्यासारखं निवडून बोलता येत नाई."

तिने सूप झटकलं. बोलणं संपलं होतं. गडू मी विसळून ठेवायला गेले तर म्हणाली, राहू दे, आमच्यात पाहुण्याकडून घासून नाई घेत.

शनिवार, २० सप्टेंबर

अंगात कणकण आहे असं वाटलं. थर्मामीटर लावला. नाही.

रविवार, २१ सप्टेंबर

आधी सगळं झालं तसं लिहिते.

सुलोचनाबाई आली. मागे चपलांजवळ बसली, सतरंजी सोडून. मयुरी पुढे बसली होती, तिने वळून पाहिलं आणि तिचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, राहू दे, नको सांगायला, आई तर आली आहे. गाणी झाली. मी आणखी एक गाणं सांगितलं. मग आणखी एक. ढोलकी वाजवणारा म्हणाला, पास्टरबाई, बोटं दुखली.

उठले. शास्त्र उघडलंच नाही. म्हटलं, "मी एक सांगून राह्यली. महालक्ष्म्यांच्या दिवशी मी भावाकडं जेवली. कोणी जबरदस्ती नाई केली, मीच मागून घेतलं. अन् मयुरीनं विचारलं तर मी तिच्याशी खोटं बोलली. अन् तिनं इथं साक्ष दिली तवा मी आमेन म्हणली."

पंख्याचा आवाज येत होता. मग पुढच्या एका म्हाताऱ्यांनी हात वर केले. चांगला माणूस आहे. म्हणाले, "सैतानानं परीक्षा घेतली पास्टरबाईची. प्रार्थना करू. हालेलूया." आणि दोन-चार जणांनी म्हटलंही. बाया डोळे पुसत होत्या. मला दिसलं, आता याची साक्षच होणार. टाळ्या वाजणार, आणि मी आणखी मोठी होऊन घरी जाणार.

"काका, सैतान नव्हता तिथं," मी म्हटलं. "माहा भाऊ होता. अन् त्यानं तर मले बिस्किट आणून ठेवले होते."

हात खाली आले.

मयुरी उठली. उठायला वेळ लागला, कोणी हात दिला तो घेतला नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ऑटोत मी विचारलं होतं तुम्हाले."

"हो."

"तवा काऊन नाई सांगतलं?"

"लाज वाटली."

"मी तुमच्या खांद्यावर झोपलती," ती म्हणाली. "मले भूक लागलती अन् तुमच्या अंगाले आईच्या स्वयंपाकघरासारखा वास येऊन राह्यला होता. म्हणून झोप लागली मले. मले वाटलं, तुम्हीभी उपाशी हाय माह्यासारख्या."

न उघडलेलं शास्त्र मी खाली ठेवलं. 

ती दाराकडे गेली. तिला वाकता येत नव्हतं. सुलोचनाबाईने तिच्या चपला पायाने सरकवून तिच्यापुढे केल्या, एक डावी, एक उजवी. म्हणाली, "चाल. जेवली काई?" मयुरी नाही म्हणाली. "मंग चाल."

सुलोचनाबाईने माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं होतं निदान मान हलवेल. तिने शब्द पाळला तसा मीही पाळला, त्यात काय मान हलवायची.

यांनी दोघींना ऑटोने केळझरला सोडलं. परत आल्यावर मी विचारलं, काही बोलली का. "बोलल्या ना. सगळ्या रस्त्यानं. बाळाची दुपटी, डिंक, अन् कोण्या काकूचं भांडण."

"माह्याबद्दल?"

"तू सोडून सगळं बोलल्या."

मंगळवार, २३ सप्टेंबर

सभेत सगळं सांगितलं असं लोकांना वाटतं. सगळं नाही. हिंगणीला मी मूर्तींना हात लावला नाही असं वर लिहिलं आहे, ते खोटं आहे. दोघी महालक्ष्म्यांतल्या मोठीच्या खांद्यावरून पदर घसरला होता. मुखवटे आईच्या वेळचेच आहेत. मी माझ्या साडीची पिन काढून तो पदर नीट लावला. आई तसाच लावायची, तीन चुण्या घेऊन. हे का केलं मला सांगता येत नाही. हात जोडले नाहीत हे खरं आहे.

शिबिराच्या मोठ्या पास्टरांना फोन करून सगळं सांगावं असं दोनदा मनात आलं. ते म्हणतील, उपवास करा. उपवासाला मी तयार आहे. पण उपाशी राहून काय होतं ते मी त्या पोरीच्या तोंडावर पाहिलं आहे.

रविवार, २८ सप्टेंबर

अर्धी सतरंजी रिकामी. म्हातारे काका आले. ढोलकीवाला आला नाही. टाळ्यांवर गाणी म्हटली, बेसूर झाली.

उठताना सभेतली एक टपरीवाली बाई जवळ आली. हळूच म्हणाली, "पास्टरबाई, नवरात्रात नणंदेकडं अष्टमीचं जेवण हाय. जेवू का मी?"

पूर्वी मी हा प्रश्न अर्धा ऐकूनच उत्तर दिलं असतं. आज उभीच राहिले. ती वाट पाहत होती.

"मले नाई माहीत," मी म्हटलं.

"असं कसं? तुम्हीच तर सांगता दरवेळी."

"आता नाई सांगत. तू ठरव. पण जे करशील ते नणंदेलेही सांग अन् मलेही सांग. दोघींले सारखंच सांग."

ती नाराज झाली. तिला हो किंवा नाही पाहिजे होतं. मलाही पाहिजे होतं. रस्त्याने जाताना दुसरीला म्हणाली ते मी ऐकलं, बाई आता पहिल्यासारखी राहिली नाही. तिला थांबवून दोन शब्द सुनावावेसे वाटले. नाही सुनावले.

रविवार, ५ ऑक्टोबर

प्रभुभोजन. वाटीखालचा तुकडा वाळून खडा झाला होता. तो पाण्यात भिजवून सभेत सगळ्यांसमोर खाल्ला, आणि का तेही सांगितलं. लोकांना ते फार काही वाटलं नाही. काका म्हणाले, नवी भाकर होती ना, बाई.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

इतके दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं म्हणजे रोजचंच होतं, लोक येतात, भांडतात, प्रार्थना मागतात. मयुरीचा फोन नाही. मी दोनदा लावला, तिने उचलला नाही. तिसऱ्यांदा लावला नाही, तिला नकोच असेल तर.

आज फोन वाजला, केळझरचा. सुलोचनाबाई.

"पोरगी झाली. बुधवारी. दोघी चांगल्या हायत."

"देवाची दया," मी म्हटलं. मग वाटलं, कोणत्या देवाची म्हणून विचारेल. तिने नाही विचारलं.

"रविवारी पाचवीची पूजा हाय, सांजच्याले. जेवण हाय. तुम्हाले येता येईल का?"

"मयुरीनं सांगतलं का बोलवाले?"

"नाई. ती तुमचं नाव घेत नाई. मी बोलवून राह्यली. सात महिने पोट्टीले तुम्हीच दवाखान्यात नेलं म्हणे. ते मी कशाले विसरू." थोडं थांबली. "पण एक ऐका. जेवायचं असंल तर माह्या अंगणात, सगळ्यांच्या पंगतीत, उघडं बसून जेवजा. नसंल जेवायचं तर घरून पोट भरून येजा अन् तोंडानं नाई म्हणजा. मधलं काई करू नका. माह्या पोट्टीनं तुमच्या पायी एकदा गंज भोगलं."

"येईन," मी म्हटलं.

"मंग जेवाल का नाई? पानं मोजून लावतो आम्ही."

 ती फोन धरून थांबली. मागे बाळ रडत होतं आणि कोणीतरी त्याला थापटत होतं. थापटणारी मयुरीच असावी, पण ती बोलली नाही, म्हणून खात्रीने लिहीत नाही.

"रविवारी सकाळी सभा हाय," मी म्हटलं. "तिथं लोकांले सांगीन मी कुठं चालली ते. जेवीन का नाई, तेभी त्यांच्यासमोरच ठरवीन. दुपारी तुम्हाले फोन करते."

"दुपारपर्यंत थांबते मंग," ती म्हणाली. "एक पान जास्तीचं धरून ठेवते. उरलं तर उरलं."